पिवळी आणि कपाट

लेक – मग खांब सरकला, असं म्हणायचंय का तुम्हाला?

बाबा – सरकला कुठे म्हटलं मी? तो चुकीच्या जागी आहे, एवढंच म्हटलं.

लेक – आपल्या फाटकाचा खांब आहे तो, बाबा. माझ्या जन्माआधीपासून तिथेच उभा आहे.

बाबा – तेव्हापासूनच चुकीच्या जागी आहे.

लेक – आणि हे चेपलेलं मडगार्ड? हा डावीकडचा दिवा?

बाबा – दिवा लागतो अजून.

लेक – लागतो, पण आकाशात बघतो.

बाबा – वय झालंय तिचं, इतकं चालायचंच. तिच्या वयाला तुझं हे कपाट कुठे असेल सांग. पत्र्याचे डबे झाले असतील त्याचे, आणि कुणीतरी त्यात खिळे ठेवत असेल.

लेक – माझ्या गाडीला कपाट म्हणू नका.

बाबा – उंच आहे, चौकोनी आहे, पांढरं आहे, दार उघडलं की आत दिवा लागतो. मग फ्रिज म्हणू?

लेक – आणि तुमची ही? जमिनीपासून वीतभर वर. चप्पल आहे नुसती, पिवळी चप्पल. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं घरी थांबायचं.

बाबा – तिसऱ्याला बोलावलंय कुणी?

लेक – तिसरी मीच होते, बाबा. तुमच्या सीटमागच्या फळीवर गाठोड्यासारखी बसायचे. जाऊ दे. ठरलंय ना आपलं?

बाबा – ठरलंय. पण नियम एकदा मोठ्यानं सांग. परीक्षकानं सुरुवातीला नियम सांगायचे असतात, म्हणजे नंतर रडारड होत नाही.

लेक – ज्या रस्त्यावर तुम्ही जन्मभर लोकांच्या लायसन्सच्या परीक्षा घेतल्या, तोच रस्ता. फाटक, चढ, पूल, दवाखान्याचा चौक आणि परत. आधी मी तुम्हाला माझ्या गाडीतून नेते, मग तुम्ही मला पिवळीतून. तुम्ही पास झालात तर पिवळी विकायचं पुन्हा तोंडातून काढणार नाही मी. नापास झालात तर किल्ली माझ्याकडे, आणि पिवळी शोभेसाठी तिला मागणाऱ्या त्या हॉटेलवाल्याकडे.

बाबा – तो तिला काचेमागे उभी करून आत कुंडी ठेवणार.

लेक – एकच ठेवणार आहे. छोटी.

बाबा – तुझी आई बसते त्या सीटवर शेवंती.

लेक – आई त्या सीटवर डोळे मिटून बसते. लग्न झाल्यापासून. वाटेत पूल लागतो हेसुद्धा तिला माहीत नसेल.

बाबा – विश्वासानं मिटते.

लेक – भीतीनं मिटते.

बाबा – तिनं सांगितलं तुला?

लेक – तुमच्यासमोर कुणी काही सांगू शकतं का?

बाबा – बरं. आज परीक्षक तू. पण दयामाया नको. परीक्षक पाघळला की रस्त्यावर माणसं मरतात.

लेक – हे मला सांगताय? मला दोनदा नापास केलंत तुम्ही. पोटच्या पोरीला. मैत्रिणी फुटपाथवर उभ्या राहून बघत होत्या.

बाबा – आरशात बघितलं नव्हतंस.

लेक – बघितलं होतं.

बाबा – स्वतःला बघितलं होतंस. केस सारखे केलेस.

लेक – आणि वर ते वाक्य. 'उतरा, पाणी प्या, पुन्हा या.' मला. रात्री एकाच टेबलाशी जेवायला बसायचं होतं आपल्याला.

बाबा – सगळ्यांना तेच म्हणायचो. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही.

लेक – म्हणून तर तिसऱ्यांदा तुम्ही रजेवर असताना गेले.

बाबा – माहीत आहे मला. माझ्या जागी जो गृहस्थ होता ना, त्यानं त्या आठवड्यात चौकशीला आलेल्या माणसालासुद्धा पास केलं होतं.

लेक – बसा आता कपाटात. ओढू नका ते दार, आपोआप लागतं.

बाबा – आपोआप का? माझे हात काय गहाण पडलेत?

गाडी – नमस्कार. कृपया सीटबेल्ट लावा.

बाबा – ही कोण?

लेक – गाडी आहे. बोलते.

बाबा – आपण पण नमस्कार म्हणायचं का?

लेक – नाही म्हटलं तरी चालतं. निघते मी. बघा, मागचं, पुढचं, चारी बाजूंचं इथे पडद्यावर दिसतं. खांबबिंब सगळं.

बाबा – म्हणजे तू मान वळवतच नाहीस.

लेक – गरजच नाही.

बाबा – मान कशाला आहे मग? डोकं पडू नये म्हणून?

गाडी – तुम्ही मार्गिकेच्या रेषेबाहेर जात आहात.

बाबा – नापास.

लेक – खड्डा चुकवला मी.

बाबा – हिला सांग ते. बाई बरोबर बोलतेय. आवाजही बरा आहे, अजिबात चढत नाही. एक सांगू का तुला? हेच मी आयुष्यभर बोललो. रेषा सोडलीत, पट्टा लावा, पुढे बघा. तर लोकांनी मला नापास साहेब नाव ठेवलं, माझ्या सायकलची हवा सोडली. आणि हिला मात्र पैसे टाकून घरी आणता.

लेक – कारण ही उतरा, पाणी प्या म्हणत नाही.

गाडी – चालकाचं लक्ष विचलित झालं आहे. कृपया रस्त्याकडे पाहा.

बाबा – माझीच बदली झालीय म्हणायची इथे.

लेक – हसवू नका, गाडी ओरडते. हा आला चढ. थांबवते मधेच. आता बघा, ब्रेकवरून पाय काढला.

बाबा – मागे येत नाही?

लेक – येत नाही. स्वतःच धरून ठेवते.

बाबा – बाप रे. माझी अर्धी नोकरी या चढावर गेली. क्लच आणि घामाचा वास एकदम यायचा. पैलवान गडी इथे रडताना बघितलेत मी. आणि हिनं चढच काढून घेतला की.

लेक – वाईट वाटतंय का?

बाबा – थोडं. माणसाला एक तरी चढ स्वतःचा हवा. हे पाठीला काय गरम लागतंय?

लेक – सीट गरम होते. बंद करू?

बाबा – राहू दे. बाहेर बोलू नकोस कुठे.

लेक – आईचा गुडघा हिच्यात वाकवावा लागत नाही. मागे माझ्या पोराची खुर्ची बसते. त्याची सायकल बसते. तुमच्या पिवळीत त्याचे बूटसुद्धा वेगळे न्यावे लागतात.

बाबा – पिवळीत बसलं की आपण कुठेतरी निघालोय असं वाटतं. हिच्यात बसून तुझ्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. मऊ खुर्ची, गार हवा, आणि आता काहीतरी दुखणार अशी धाकधूक.

लेक – माझ्याकडे कुणाला दुखत नाही.

बाबा – तू लोकांचं तोंड उघडं ठेवून विचारतेस, दुखतंय का. ते बिचारे सांगणार कसे?

गाडी – डावीकडे पादचारी.

लेक – हो, बघितलं.

बाबा – कुठे?

लेक – काय कुठे?

बाबा – पादचारी. कुणी नाही तिथे.

लेक – आहे ना. छत्रीवाला म्हातारा. हा काय, पडद्यावर पिवळ्या चौकटीत दाखवतेय.

बाबा – तो होय. तो झाडाआड होता.

लेक – इथे झाड नाहीये, बाबा.

बाबा – पूर्वी होतं.

लेक – बाबा.

बाबा – चल, वळव. दवाखान्याचा चौक झाला. तुझी परीक्षा संपली. निकाल हवाय?

लेक – सांगा.

बाबा – गाडी पास. तुझं काही कळलं नाही, तुला काही करावंच लागलं नाही.

(तोच रस्ता. आता पिवळीतून, कापडी टप खाली पाडून.)

लेक – हात द्या मला. आधी पाय घालायचा की डोकं?

बाबा – आधी पाय, मग कंबर, मग इज्जत. बस. दार ओढ. जोरात. अजून जोरात. तिला कळलं पाहिजे.

लेक – पायाखाली रस्ता दिसतोय.

बाबा – भोक आहे छोटंसं. उन्हाळ्यात बरं पडतं.

लेक – सीटबेल्ट?

बाबा – आहे की. तुझ्या मांडीखाली. फक्त मांडीवरून जातो, वर काही नाही. बघ, सगळं आहे. फक्त कुणी ओरडत नाही.

लेक – परीक्षा सुरू. बोलत राहा, काय करताय ते.

बाबा – चोक ओढला. किल्ली. थोडं थांबायचं, तिला विचार करू द्यायचा. आता.

लेक – अरे देवा.

बाबा – काय?

लेक – काही नाही. हा आवाज विसरले होते मी. पोटात येतो.

बाबा – मोठ्यानं बोल. इथे पुटपुटणारा गडी उपाशी राहतो. उजवीकडे बघितलं. मागे बघितलं. मान वळवली, बघ, खरी मान. डावीकडे बघितलं. निघालो.

लेक – खांब.

बाबा – दिसतोय खांब. त्याचं माझं जुनं वैर आहे, मी त्याला विसरीन कसा?

लेक – चांगले निघालात. मला वाटलं होतं, गचके देणार.

बाबा – गचके चालक देतो, गाडी देत नाही. हा बघ दुसरा. दोनदा क्लच दाबायचा, मधे थोडा गॅस द्यायचा, म्हणजे दात दातात नीट बसतात. दाताचं काम तुला कळायला हवं.

लेक – माझ्या पेशंटचे दात एवढे वाजत नाहीत.

बाबा – हिचा पत्रा पातळ आहे, सगळं ऐकू येतं. तू घोटा हलवलास तरी मला कळतं. मघाशी त्या कपाटात तू काय करत होतीस, मला ठाऊकच नव्हतं. गालिचा काय, रबर काय. निजायची खोली आहे ती.

लेक – चढ आला. थांबवा मधेच.

बाबा – थांबवली. हँडब्रेक. आता क्लच हळूहळू वर. थरथर आली की समजायचं, ती तयार आहे. आणि सोडली. मागे आली?

लेक – तिळभर नाही.

बाबा – लिहून घे.

लेक – पूर्ण मार्क. बाबा, पुलावर जरा जोरात घ्या ना.

बाबा – परीक्षक असं सांगत नाही.

लेक – परीक्षक नाही सांगत. फळीवरची सांगतेय.

बाबा – घट्ट धर मग.

लेक – अहो, केस. माझे केस. तोंडात गेले सगळे.

बाबा – आता कर सारखे, आरशात बघून.

लेक – बाबा, मी किती वर्षांनी अशी हसतेय माहीत आहे? पोट दुखायला लागलं. माझ्या गाडीत याच्या दुप्पट वेगानं जाते मी, आणि काही म्हणजे काही कळत नाही. बाबा... बाबा...

बाबा – थांबलो.

लेक – हो. थांबलात.

बाबा – झाला रस्ता मोकळा?

लेक – झाला. गेली ती बाई. बाबागाडी होती तिच्याकडे. मला वाटलं, दिसलीच नाही तुम्हाला.

बाबा – हं.

लेक – सुरेख थांबलात पण. जागच्या जागी. माझ्या गाडीनं आधी तीनदा घंटा वाजवली असती.

बाबा – हं.

लेक – चला ना, एवढं परत गेलं की संपलं. खरं सांगू, मी नापास करायच्या तयारीनंच आले होते. खांब बघितला, तो छत्रीवाला झाला, मनात म्हटलं आता पक्कं. पण तुम्ही चालवता ते बघून... पास, बाबा. पास केलं मी तुम्हाला. हॉटेलवाल्याला सांगते, कुंडी दुसरीकडे ठेव म्हणून.

बाबा – बाजूला घेतो जरा.

लेक – का? काय झालं? छातीत दुखतंय का?

बाबा – छाती ठीक आहे. त्या बाईनं काय घातलं होतं?

लेक – कुठल्या बाईनं? ती मघाची? निळं होतं काहीतरी.

बाबा – आता मला विचार.

लेक – काय विचारू?

बाबा – बाईनं काय घातलं होतं, ते.

लेक – काय घातलं होतं?

बाबा – मला ठाऊक नाही. बाई होती हेच मला ठाऊक नव्हतं. तू बाबागाडी म्हणालीस तेव्हा कळलं.

लेक – पण तुम्ही थांबलात. वेळेवर थांबलात.

बाबा – तू पाय दाबलास. त्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबलास. पत्र्यावर धप्प आवाज आला. जन्मभर मी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलो, तिथे माझ्या पायाखाली खरा ब्रेक असायचा. घाबरलेल्या पायाचा आवाज मला झोपेत ओळखता येतो. तो ऐकला आणि थांबलो. समोर काय आहे ते बघितलंच नाही.

लेक – म्हणजे डावीकडचं...

बाबा – नाही दिसत.

लेक – कधीपासून?

बाबा – खांब सरकला तेव्हापासून.

लेक – बाबा, अहो. डॉक्टरांना दाखवलंत?

बाबा – दाखवलं. गेलं ते परत येत नाही म्हणाले. आहे तेवढं सांभाळायचं. मला वाटलं, मान वळवली की भागेल. दर वेळी वळवतो. आज तू हसत होतीस ते ऐकत बसलो, आणि वळवायची राहिली.

लेक – मग माझीच चूक झाली. मी हसायला नको होतं. पुन्हा घेऊ परीक्षा. मी तोंड मिटून बसते, तुम्ही मान वळवा. घ्या, इथूनच सुरू करू.

बाबा – तुझी आई पाय दाबत नाही.

लेक – काय?

बाबा – या सीटवर ती बसते ना. ती पाय दाबत नाही. डोळे मिटून बसते. आज ती असती, तर आवाज आला नसता.

लेक – नका असं बोलू.

बाबा – परीक्षक आहेस तू. निकाल दे.

लेक – दिला मघाशी. पास म्हटलं.

बाबा – चुकीचा दिलास. पाघळलीस. पुन्हा दे.

लेक – नापास.

बाबा – वाक्य म्हण.

लेक – कशाला, बाबा?

बाबा – सगळ्यांना म्हणायचो मी. मला का नको? म्हण.

लेक – उतरा.

बाबा – पुढे.

लेक – पाणी प्या.

बाबा – पुढे.

लेक – पुढचं नाही म्हणवत मला.

बाबा – बरं. मग राहू दे. ही घे किल्ली. आणि डोळे पूस, लोकांना वाटेल मी तुला पुन्हा नापास केलं.

लेक – सरका तुम्ही इकडे. मी चालवते.

बाबा – तू? तुझ्या कपाटात दोनच पेडल आहेत. तिसऱ्याशी तुझी ओळख तरी उरलीय का?

लेक – होईल. आणि नियम काय होता, आठवतोय ना? चालक नापास झाला तर पिवळी हॉटेलवाल्याकडे. आता चालक मी आहे. माझा निकाल लागायचाय अजून.

बाबा – हा नियम मघाशी मोठ्यानं सांगितला नव्हतास.

लेक – आता सांगते. महिन्यातून एकदा तुमच्या आईसाहेबांना फिरवून आणायचं काम माझं.

बाबा – माझ्या कोण आईसाहेब? बायको आहे ती माझी.

लेक – तीच हो. जीभ अडखळली. तुम्ही बसा आधी. बेल्ट लावा.

बाबा – आधी पाय, मग कंबर.

लेक – मग इज्जत, माहीत आहे. चोक नको ना आता? बरं. आरसा.

बाबा – कशाला बघतेस?

लेक – मागचं बघतेय. केस तसेच आहेत, बघा हवं तर.

बाबा – प्रगती आहे. घाल पहिला. अगं हळू. दात काढतेस का तिचे?

लेक – बसला. निघाली, बाबा. बंद नाही पडली.

बाबा – रडतेय ती. दुसरा दे. दोनदा क्लच, मधे थोडा गॅस. हां. आता रस्त्याकडे बघ, माझ्याकडे नको.

लेक – तुम्ही पाय दाबताय. तिथे ब्रेक नाही.

बाबा – माहीत आहे. काढला.

लेक – बाबा? झोप आली का?

बाबा – नाही.

लेक – मग डोळे का मिटलेत?

बाबा – तुझी आई इतकी वर्षं इथे बसून काय बघत होती, ते बघतोय.

लेक – आणि? विश्वास की भीती?

बाबा – दोन्ही. घाल तिसरा.